नव्या गाडीची किंमत सगळ्यांना एकच का नसावी?

सरळव्यवहार

एकच सेडान, एकच व्हेरियंट, एकच रंग, एकाच आठवड्यात एकाच शोरूममधून निघालेली. दोन घरांनी मोजलेले पैसे मात्र वेगळे, कारण एका घरात बोलण्यात पटाईत मेव्हणा होता आणि दुसऱ्या घरात नव्हता. ही पद्धत मला अन्यायाची वाटते आणि ती बंद व्हावी असं माझं स्पष्ट मत आहे.

घासाघीस करून गाडी घेणाऱ्याचं आपल्याकडे कौतुक होतं. पण त्याला मिळालेली सूट येते कुठून? शोरूमला महिनाअखेर ठरावीक कमाई गाठायचीच असते. एकाला सोडलेले पैसे दुसऱ्याकडून निघतात. तो दुसरा कोण? पहिल्यांदाच गाडी घेणारा, वय झालेला, जुनी गाडी बंद पडली म्हणून घाईत असलेला. भांडायची ज्याची ताकद सर्वांत कमी, त्याच्याच माथी सगळ्यांत मोठं बिल.

याचा पुरावाही आहे. इयन एअर्स आणि पीटर सीगलमन या दोन संशोधकांनी अमेरिकेतल्या शिकागो परिसरातल्या शोरूममध्ये जोड्याजोड्यांनी माणसं पाठवून भाव काढायला लावले. अशा ३०० हून जास्त जोडभेटी झाल्या आणि १९९५ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये निष्कर्ष छापून आले. काय बोलायचं, कधी थांबायचं, पुढचा आकडा कसा सांगायचा, हे सगळ्यांना सारखंच पढवलेलं होतं. तरी गोऱ्या पुरुषांना सर्वांत कमी भाव मिळाले आणि कृष्णवर्णीयांना, त्यातही पुरुषांना, बरेच चढे. फरक तर विक्रेत्याने तोंडातून काढलेल्या पहिल्या आकड्यातच होता. घासाघीस सुरू व्हायच्या आधीच माणूस बघून भाव ठरला होता.

जनरल मोटर्सच्या सॅटर्न या ब्रँडने १९९० मध्ये पहिली गाडी विकायला काढली तेव्हापासून तिथे पाटीवरची किंमत तीच सगळ्यांना, असा रिवाज ठेवला होता. ग्राहकांना तो आवडलाही. मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

वहीखाते

अजिबात सहमत नाही. एकच किंमत आणि रास्त किंमत या दोन गोष्टी तुम्ही एक करून टाकल्यात. सगळ्यांना सारखंच महाग विकलं तर तेही 'एकच किंमत' झालं.

टेस्लाचं उदाहरण घ्या. तिथे घासाघीस नाही, वेबसाइटवर आकडा आहे तो आहे. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीने किमती झटक्यात उतरवल्या. चीनमध्ये नुकत्याच गाड्या घेतलेल्या लोकांनी शोरूमसमोर येऊन निषेध केला. त्यांच्यापैकी कुणालाही आधी चार शब्द बोलून भाव पाडायची मुभा नव्हती. आकडा कंपनीने लावला आणि कंपनीनेच बदलला.

दुसरं म्हणजे एकाच कंपनीच्या दोन डीलरांमध्ये आज जी चढाओढ आहे, ती तुमच्या पद्धतीत संपते. युरोपीय संघाच्या स्पर्धा कायद्यात उत्पादकाने स्वतंत्र विक्रेत्यावर किमान विक्री किंमत लादणं हे गंभीर उल्लंघन मानलं जातं, ते उगाच नाही. वरून आकडा बांधून दिला की खाली स्पर्धा उरत नाही आणि त्याची भरपाई गिऱ्हाईक करतं. म्हणूनच काही कंपन्या आता डीलरला स्वतंत्र विक्रेता ठेवतच नाहीत, नुसता एजंट करतात, म्हणजे विकणारी कंपनीच आणि भावही तिचाच. मर्सिडीज-बेंझने २०२२ पासून ऑस्ट्रेलियात हेच केलं. त्यावर तिथले डीलरच कोर्टात गेले होते.

आणि सॅटर्न केव्हाच बंद झाली.

सरळव्यवहार

सॅटर्न बंद झाली त्याला जनरल मोटर्सची दिवाळखोरी आणि नव्या मॉडेलांकडे झालेलं दुर्लक्ष कारणीभूत होतं. किमतीच्या धोरणावर ते खापर फोडू नका. टेस्लाच्या ग्राहकांना राग आला तो भाव अचानक उतरला याचा. पण त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या सगळ्यांना भाव तोच होता, एवढं तरी मान्य करा.

जुना_सेल्सवाला

शोरूममध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आतली बाजू सांगतो. तुम्ही दोघेही 'गाडीची किंमत' या एकाच आकड्यावर भांडताय. शोरूम त्या एका आकड्यावर चालत नाही.

कोटेशनचा कागद हातात घ्या आणि ओळीने वाचा. सर्वांत वर गाडीची मूळ किंमत, खाली कर आणि नोंदणी. हे कर आणि नोंदणीचे आकडे सरकारी असतात, ते कुणी कमी करू शकत नाही. त्याखाली विमा. मग हँडलिंग किंवा लॉजिस्टिक्स नावाची एक ओळ. मग एक्सेसरीजचं पॅकेज: मॅट, सीट कव्हर, मडफ्लॅप, डोअर व्हायझर. मग पेंटवरचं कोटिंग, अंडरबॉडी कोटिंग, वाढीव वॉरंटी. ग्राहक पहिल्या ओळीवर तासभर झुंजतो, तिथे थोडं कमी करून घेतो, खूश होतो आणि खालच्या ओळींवर नजरही न टाकता सही करतो. शोरूमचा पैसा त्या खालच्या ओळींत असतो. विम्यावर कमिशन, कर्जावर कमिशन, एक्सेसरीजवर भरपूर मार्जिन आणि तुमची जुनी गाडी एक्सचेंजमध्ये पाडून घेतली तर त्यावर वेगळी कमाई.

त्यामुळे मूळ किंमत पाडली म्हणजे सौदा जिंकला, असं समजू नका. वरच्या ओळीत सोडलेलं खालच्या तीन ओळींत भरून काढायला आम्हाला शिकवलेलंच असायचं.

हप्त्याचं तर विचारूच नका. 'महिना किती बसेल?' हा प्रश्न ग्राहकाने विचारला की सेल्समनचं अर्धं काम झालं. मुदत पाच वर्षांची सात केली की हप्ता उतरतो आणि माणसाला वाटतं स्वस्त पडलं. घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवर, १० टक्के दर धरा. कर्जाच्या दर १०० मागे ५ वर्षांत साधारण २७.५ व्याज जातं, ७ वर्षांत ३९.५. त्यात कुणी 'फ्लॅट' दर, म्हणजे शेवटपर्यंत सुरुवातीच्या पूर्ण कर्जावर मोजलेला दर, सांगितला तर आणखी सावध व्हा. ५ वर्षांच्या कर्जावर ७ टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिलकीच्या हिशेबाने जवळपास १२.५ टक्के होतात. ऐकताना ७ किती गोड वाटतं!

आता घासाघीस कधी चालते ते. कंपनी डीलरला महिन्याचं किंवा तिमाहीचं टारगेट देते आणि ते गाठलं की सगळ्याच विकलेल्या गाड्यांवर बोनस मिळतो. टारगेटला दोन-तीन गाड्या कमी पडत असतील तर शेवटच्या दिवसांत डीलर एखादी गाडी तोट्यातही सोडतो. टारगेट आधीच झालं असेल, किंवा मॉडेल नवीन असून वेटिंग लागलं असेल, तर तुमचा मेव्हणा कितीही पटाईत असो, उपयोग नाही. तेव्हा भाव माणूस बघून ठरतो हे खरं, पण तारीख आणि यार्डातला स्टॉक बघूनही ठरतो.

अवनी_लिहिते

माणूस बघून ठरतो याच्याबद्दल थोडं. भाऊ बरोबर असला की प्रश्न मी विचारायचे आणि उत्तर त्याला मिळायचं. इंजिनाचं विचारलं तर रंग दाखवले. तरीही मी घासाघीस बंद व्हावी या मताची नाही. समोरासमोरची बंद व्हावी, एवढंच म्हणते.

व्हेरियंट आणि रंग आधी पक्का केला, टेस्ट ड्राइव्ह घेतली, आणि भावाचं सगळं बोलणं ईमेलवर केलं. एकच मजकूर सगळ्या डीलरांना. कागदावर माझा चेहरा दिसत नाही, घाई दिसत नाही, सोबत कोण आहे ते दिसत नाही. सरळव्यवहार यांनी १९९५ चा अभ्यास दिला, त्याच्यापुढचाही द्यायला हवा होता. फिओना स्कॉट मॉर्टन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की इंटरनेटवरून भाव मागवून गाडी घेणाऱ्या वांशिक अल्पसंख्याक ग्राहकांना जवळपास गोऱ्यांइतकाच भाव पडला. भावावर बोलणी होत होतीच, फक्त मधली खुर्ची आणि टेबल गेलं.

स्पॅनर

सगळे पैशाचं बोलताय. गाडी बघा आधी!

मोठी सूट मिळाली की विचारा: ही गाडी बनली कधी? नवी म्हणून विकलेली गाडी यार्डात उन्हापावसात कितीतरी महिने उभी असू शकते. टायरच्या बाजूला DOT या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार अंक वाचा. ३८२४ असेल तर टायर २०२४ च्या ३८ व्या आठवड्यात बनलेला. कधीकधी कोड पूर्ण फक्त एकाच बाजूला असतो, मग खाली बसून आतल्या बाजूने बघावं लागतं. चारही टायर आणि डिकीतलं पाचवं, सगळ्यांचे अंक जवळपासचे हवेत. एकच फार वेगळा निघाला तर का बदलला ते विचारा. बॅटरीवरची तारीख, विंडशिल्डच्या काचेच्या कोपऱ्यातली खूण आणि बाकी काचांवरची खूण जुळते का तेही बघा. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का बोट फिरवून बघा. हे सगळं नोंदणीच्या आधी. नोंदणी तुमच्या नावावर झाली की गाडी तुमची, मग कोण बदलून देतो?

जुना स्टॉक घेऊच नये असं नाही. पण सूट त्या मानाने हवी. पुढे विकताना बनावटीचं वर्ष मोजलं जातं, तुम्ही कधी घेतली ते नाही.

मागची_सीट

सेडान घेणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. लोकांचा ओढा उंच गाड्यांकडे आहे. फोर्डने २०१८ मध्येच उत्तर अमेरिकेत आपल्या सेडान बंद करायचं जाहीर केलं. ज्या शोरूममध्ये एसयूव्हीला वेटिंग आहे, तिथेच सेडान उभी असते. म्हणजे बोलायला जागा आहे. तोटा एवढाच की विकायला काढाल तेव्हाही मागणी तशीच असेल, म्हणून आजची सूट आणि पुढची घट एकत्र धरा. दहा वर्षं वापरणार असाल तर त्या घटीचा विचार सोडून द्या, बुटक्या सेडानमध्ये आईबाबांना चढ-उतार जमतो का ते बघा.

सरळव्यवहार

सगळं वाचलं. माहिती फार कामाची आहे, जुना_सेल्सवाला आणि स्पॅनर यांचे आभार. पण तुमच्या प्रत्येक प्रतिसादाने माझाच मुद्दा पक्का होतोय. रास्त भावात गाडी मिळवायला काय काय यायला हवं बघा: फ्लॅट दराचं गणित, डीलरचं टारगेट, टायरवरचे अंक, कोटेशनच्या सातव्या ओळीत काय दडलंय ते. एवढी विद्या ज्याच्याकडे नाही त्याने जास्त पैसे का भरायचे? डाळ-तांदूळ घेताना कुणी वाण्याच्या बोनसचा अभ्यास करतं का?

अमेरिकेत १९५८ चा कायदा आहे, त्याने प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर किमतीचा तपशील चिकटवायला लावला. सिनेटर मनरोनी यांच्या नावाने ती पाटी ओळखली जाते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एवढं करता आलं, तर आज 'सर्व धरून शेवटचा आकडा' न मागता लेखी द्यायला काय हरकत आहे?

वहीखाते

ती पाटी कंपनीने सुचवलेल्या किमतीची आहे. तिच्याखाली सौदा करायला कायद्याने कुणालाही अडवलेलं नाही, आणि लोक करतातही. म्हणजे तुमचंच उदाहरण माझ्या बाजूला येतं: माहिती सगळ्यांना सारखी, भाव मोकळा. मला हेच हवंय. माहिती सक्तीची करा, किंमत सक्तीची करू नका. ज्याला बोलता येत नाही त्याला बोलायला मदत करा. ज्याला येतं त्याचं तोंड बंद करून कुणाचाच फायदा होणार नाही, कंपनीचा सोडून.

सरळव्यवहार

माहिती सारखी असूनही हिंमत सारखी नसते. माझे वडील आजही समोरच्याला 'नाही' म्हणू शकत नाहीत. त्यांना कितीही कागद द्या. अशा माणसाने काय करायचं?

अवनी_लिहिते

त्यांनी शोरूममध्ये जाऊच नये, निदान भाव ठरेपर्यंत. 'नाही' म्हणायला अवघड जातं ते तोंडावर. लिहून म्हणायला तितकं जात नाही. जुना_सेल्सवाला, तुम्हीच सांगा, कसा मजकूर आला की तुम्ही सरळ उत्तर द्यायचात?

जुना_सेल्सवाला

साधा. लांबण लावलेली ईमेल आम्ही वाचायचोच नाही. मी असं लिहीन:

"अमुक सेडान, अमुक व्हेरियंट, अमुक रंग घ्यायचा नक्की केला आहे. टेस्ट ड्राइव्ह झाली आहे. कर, नोंदणी, विमा धरून गाडी दारात येईपर्यंतचा एकूण आकडा कळवा. प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत हवी. एक्सेसरीज, कोटिंग, वाढीव वॉरंटी नको. गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष लिहा. हाच मजकूर इतर डीलरांनाही पाठवला आहे. सर्वांत कमी एकूण आकडा देणाऱ्याकडे या आठवड्यात बुकिंग करणार आहे."

जुन्या गाडीचा आणि कर्जाचा यात उल्लेखही करू नका. नव्या गाडीचा आकडा लेखी आला की मगच ते दोन विषय काढा, आणि तेही वेगवेगळे. एकत्र काढलेत की एकीकडचे पैसे दुसरीकडे सरकतात, मग हिशेब लागत नाही. विम्याचा आणि कर्जाचा भाव बाहेरूनही आणा. शोरूमने तेवढाच दिला तर तिथेच घ्या, सोयीचं पडतं.

उत्तर न देणारे डीलर असतील. 'एकदा येऊन जा, बसून बोलू' म्हणणारेही असतील. जाऊ नका.

वहीखाते

यात डिलिव्हरीची तारीखही मागा. आणि एक ओळ वाढवा: दिलेली तारीख उलटली किंवा गाडी वेगळ्या महिन्यात बनलेली निघाली, तर बुकिंगची पूर्ण रक्कम परत. हे बुकिंगच्या पावतीवर शिक्क्यानिशी लिहून घ्या, सेल्समनच्या व्हॉट्सअॅपवर नको. तो उद्या दुसऱ्या शोरूमला गेला तर तुम्ही कुणाला दाखवणार?

सरळव्यवहार

मजकूर घेतला. वडिलांच्या नावानेच पाठवतो. माझं मत बदललेलं नाही, पण एकच किंमत येईपर्यंत गाडी घ्यायची थांबणार नाही. उत्तरं आली की आकडे झाकून सगळ्या ओळी इथे टाकीन. कुठल्या ओळीला काय नाव दिलंय ते जुना_सेल्सवाला यांनी बघून सांगावं.