मदत हवी आहे: अम्माचं आयुष्मान कार्ड अडकलंय, अँजिओप्लास्टी तोंडावर आलीय (सोलापूर)

नमस्कार मंडळी. कुंभारीच्या विडी घरकुलात राहतो, यंत्रमागावर कामाला आहे. अम्मा ५८ वर्षांची, लग्न झाल्यापासून विड्या वळतीय. गेल्या आठवड्यात छातीत दुखायला लागलं म्हणून शहरातल्या एका खासगी हॉस्पिटलात नेलं. अँजिओग्राफीत एक नस बरीच बंद निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा, पण आठ-दहा दिवसांत अँजिओप्लास्टी करून घ्या.

कार्डासाठी महिन्यापूर्वीच सेवा केंद्रात गेलो होतो. अम्माचा अंगठाच उठत नाही ओ! पानं कातरून, दोरा गुंडाळून बोटांच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. केंद्रवाल्यानं ओल्या फडक्यानं पुसून दहाही बोटं लावून बघितली, मशीन काय घेईना. आधारला जोडलेला नंबर भावाचा होता, तो बंद होऊन दोन वर्षं झाली. म्हणजे ओटीपी पण नाही. नंबर बदलायला दिलाय, कधी होईल माहीत नाही.

हॉस्पिटलात बिलाच्या खिडकीवर म्हणायलेत, कार्ड आणा नाहीतर ५० हजार डिपॉझिट भरा. रेशनकार्ड केशरी आहे, त्यात अम्माचं नाव आहे. बायको गंठण गहाण ठेवू म्हणतीय. कार्डाची वाट बघू की पैसे भरू? भरले तर नंतर परत मिळतात का?

—

जुना विजापूर वेस: दादा, गंठण आधी कपाटात ठेवा. कॅशलेस योजना आहे, स्वतः भरलेले पैसे नंतर मागून मिळत नाहीत. मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यायची असते.

आणि आयुष्मान कार्ड नाही म्हणून सगळं अडत नाही. राज्य सरकारची मोफत उपचारांची महात्मा फुले योजना आहे, तिला रेशनकार्ड आणि आधार दाखवून नोंद होते. सोलापुरात ही योजना २०१२ पासून आहे, तेव्हा राजीव गांधी जीवनदायी म्हणायचे, पहिल्या आठ जिल्ह्यांत आपण होतो. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे आणि अँजिओप्लास्टी त्यात बसते. बिलाच्या खिडकीवर वाद घालू नका, तिथं काही होणार नाही. आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारी माणसं, कुठं बसतात ते विचारा. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात असतात. फक्त हॉस्पिटल हृदयाच्या उपचारांसाठी योजनेत आहे का, हे नक्की विचारा. काही ठिकाणी किडनीला असतं, हृदयाला नसतं. १५५३८८ वर फोन केला तरी सांगतात.

—

मंगळवार बाजार: सरकारी दवाखान्यात आता सगळं फुकट आहे की. सिव्हिलला न्या.

—

जुना विजापूर वेस: सगळं नाही ओ. १५ ऑगस्ट २०२३ पासूनचा तो निर्णय सार्वजनिक आरोग्य खात्याच्या दवाखान्यांना आहे. आपलं सिव्हिल मेडिकल कॉलेजचं, ते वैद्यकीय शिक्षण खात्याकडं. तिथंही योजनेतूनच जावं लागेल. पण विचारून बघायला काय हरकत नाही.

—

सुईदोरा: भाऊ, माझ्या सासूबाईंचंही बोटांमुळंच अडलं होतं, त्याही विडीवाल्याच. केंद्रवाल्याला सांगा, आयुष्मान ॲपमध्ये चेहरा दाखवून केवायसी होते. उजेडात बसवा, पापण्या मिटायला लावतंय ते. सासूबाई लाजून हसत होत्या, तिसऱ्यांदा झालं.

आणि परत छातीत दुखलं, घाम आला तर कार्डबिर्ड बघत बसू नका. १०८ लावा, जवळ असेल तिथं न्या. तातडीच्या केसला फोनवर मंजुरी घेता येते, कागद मागाहून देता येतात.

—

मूळ लेखक: सगळ्यांचे आभार. ते हॉस्पिटल हृदयासाठी योजनेत नाहीच म्हणे! खिडकीवरच्यानं एवढं तरी सांगायचं. आज दुसरीकडं गेलो. आरोग्यमित्र ताईंनी रेशनकार्ड, आधार, अँजिओग्राफीची सीडी घेतली. आता एकच अडलंय. रेशनकार्डावर अम्माच्या नावापुढं 'बाई' आहे, आधारवर नाही. ताई वरिष्ठांना विचारून उद्या सांगते म्हणाल्या. कुणाचं असं झालं होतं का? काय कागद जोडला होता?