माजी सैनिकांसाठी गावात संग्रहालय: हवं की नको?

उचगावकर: ग्रामपंचायतीच्या सभागृहामागची खोली मोकळी आहे. तिथे गावातल्या माजी सैनिकांच्या वस्तू मांडाव्यात, बाहेरच्या भिंतीवर शाळेच्या चित्रकलेच्या सरांकडून चित्र काढून घ्यावं. इटलीतल्या मोन्तोने गावात 2023 साली दुसऱ्या महायुद्धात तिथे लढलेल्या मराठा पलटणीच्या यशवंत घाडगेंच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं. घाडगे 10 जुलै 1944 ला मशिनगनच्या चौकीवर एकटे धावून गेले, तिथेच पडले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. परक्या गावाला हे सुचतं, आम्ही शाल-नारळ देऊन मोकळे.

कॅम्पातला: मराठा सेंटर, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र, 1922 पासून बेळगावात आहे. त्यांचं संग्रहालय आहे, पहिल्या महायुद्धात इराकात झालेल्या शरकतच्या लढाईचं स्मारक आहे. गावोगावी आणखी कशाला? दोन वर्षांत त्या खोलीत मंडपाच्या खुर्च्या भरतील. पाटी कन्नडात की मराठीत, यावरच चार बैठका जातील. त्यापेक्षा म्हाताऱ्या जवानांना दवाखान्यात नेणारी गाडी ठेवा.

उचगावकर: सेंटरमध्ये पलटणीचा इतिहास आहे, 1768 च्या जंगी पलटणीपासूनचा, म्हणजे त्यांच्या पहिल्या बटालियनपासूनचा. आमच्या आजोबांची ट्रंक तिथे नाही. काळी, लोखंडी, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. आतून कॅलेंडरातली लक्ष्मी चिकटवलेली. आता आई त्यात तांदूळ ठेवते. नावातला 'पाटील' अर्धा खरवडलाय.

खानापूरची लेक: ट्रंक ठेवा, पत्रं नको. बाबांची आईला आलेली आंतर्देशीय पत्रं एका कार्यक्रमात माइकवरून वाचली होती. आई मान खाली घालून बसली होती. आधी घरच्यांना विचारा.

पेन्शनर: मी सतरा वर्षं पलटणीत काढली, मला तरी कुठं कोण विचारूलालंय? फोटोला हार घालू नका, पोरं समजतात आम्ही गेलो. आणि भिंतीवर बंदूकवालाच काढणार, ते माहीत हाय. मी लंगरात होतो. बर्फात रोट्या भाजल्या. तवा काढा की एक.

कॅम्पातला: काका, तव्याला माझी ना नाही. पण खोली उघडणार कोण? किल्ली कुणाकडे?

पेन्शनर: माझ्याकडे द्या. पहाटे चारला जाग येतेच. पण त्या गाडीचं तेवढं सोडू नका, गुडघे लई दुखूलालेत.