१९६७ च्या मस्टँगसाठी १५ इंची अलॉय व्हील: पीसीडी आणि बॅकस्पेस कसा ठरवावा?

पोनी_६७ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. माझी गाडी १९६७ ची फोर्ड मस्टँग हार्डटॉप असून तिला २८९ घनइंची व्ही-८ इंजिन आहे. सध्या तिच्यावर १४ इंची पोलादी चाके आणि चारही बाजूंना ड्रम ब्रेक आहेत. पाच आऱ्यांची, १५ इंच व्यासाची आणि ७ इंच रुंदीची अलॉय व्हील पुढे-मागे एकाच मापाची बसवावीत, आणि पुढील वर्षी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक करून घ्यावेत, असा विचार आहे. शोध सुरू केल्यावर मात्र याच रुंदीची चाके ३.५ इंचांपासून ४.५ इंचांपर्यंत वेगवेगळ्या बॅकस्पेसची, म्हणजे आतल्या बाजूला कमी-जास्त खोलीची, दिसतात. शिवाय ५ × ४.७५ इंच पीसीडीचा (म्हणजे चाक बसवण्याचे पाच स्टड आणि त्यांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास ४.७५ इंच) एक वापरलेला संच उत्तम अवस्थेत मिळतो आहे आणि विकणारा म्हणतो की पाव इंचाचा फरक नट आवळताना जिरून जातो. हे खरे आहे का, आणि बॅकस्पेस किती धरावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ड्रम_आणि_हब

तो संच कृपया घेऊ नका. आपल्या व्ही-८ मस्टँगचा पीसीडी ५ × ४.५ इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर आहे. ५ × ४.७५ हे माप त्या काळच्या कमॅरो आणि शेव्हेलसारख्या शेव्हरोले गाड्यांचे आहे आणि ते १२०.६५ मिलिमीटर भरते. हा फरक जिरत नाही. नटाचा निमुळता भाग छिद्राच्या एकाच कडेवर टेकतो, स्टड वाकलेल्या स्थितीत ताणला जातो, आणि आवळताना घट्ट वाटलेला नट गाडी धावू लागल्यावर सैल होतो. अशा जोडणीत स्टड तुटूही शकतो.

पाच स्टडच्या हबवर (चाक ज्यावर बसते तो फिरणारा भाग) समोरासमोर माप घेता येत नाही, म्हणून शेजारच्या दोन स्टडच्या मध्यबिंदूंमधील अंतर व्हर्नियरने मोजा आणि त्याला १.७०१ ने गुणा. आपल्या गाडीवर हे अंतर सुमारे ६७.२ मिलिमीटर यायला हवे. ५ × ४.७५ च्या चाकावर ते ७०.९ येईल. कागदपत्रांत व्ही-८ लिहिलेले असले तरी हे मोजाच, कारण सहा सिलिंडरच्या मस्टँगला चारच स्टड असत आणि इतक्या वर्षांत कोणी हब किंवा मागचा ॲक्सल बदललेला असू शकतो.

ओळंबा

पीसीडीबद्दल वर लिहिले आहे ते पूर्ण मान्य. बॅकस्पेसबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक चाके याच मुद्द्यावर परत पाठवावी लागतात.

चाकाचा जो सपाट भाग ड्रमला टेकतो, तिथपासून चाकाच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर म्हणजे बॅकस्पेस. चाकाची ७ इंच ही रुंदी टायर जिथे बसतो त्या जागेची असते; दोन्ही कडांची जाडी धरली की एकूण रुंदी साधारण ८ इंच होते. त्यामुळे ४ इंच बॅकस्पेस म्हणजे शून्य ऑफसेट (टेकणारा भाग चाकाच्या बरोबर मध्यावर), ३.५ म्हणजे सुमारे उणे १३ मिलिमीटर आणि ४.५ म्हणजे अधिक १३. आपण पाहिलेल्या दोन टोकांच्या चाकांमध्ये टायर २५ मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकतो, आणि मडगार्डची कड व मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) यांच्यामध्ये एवढी जागा सहसा शिल्लक नसते. बॅकस्पेस कमी घेतला तर टायर बाहेर येतो, कडेला घासतो, बेअरिंगवरचा भार वाढतो आणि स्टिअरिंगही जड लागते. जास्त घेतला तर मागे पाट्याला आणि पुढे सस्पेन्शनच्या वरच्या आर्मला लागतो.

मोजताना गाडीचे वजन सस्पेन्शनवरच असले पाहिजे. मागे जॅक ॲक्सलखाली आणि पुढे खालच्या आर्मखाली लावा. बॉडीखाली लावल्यास चाक खाली लोंबते आणि सगळी मापे चुकतात. जॅकवर विसंबू नका, स्टँड लावल्याशिवाय आत हात घालू नका. चाक काढून ड्रमच्या तोंडावर सरळ पट्टी धरा, तिथून आत पाट्यापर्यंत आणि बाहेर मडगार्डच्या आतल्या कडेपर्यंत अंतर घ्या. २२५/६०आर१५ टायरचे पोट ७ इंची रिमच्या कडेबाहेर दोन्ही बाजूंना साधारण १२ मिलिमीटर येते, ते मापात धरा. त्यानंतरही आत १० मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत आणि बाहेर त्याहून थोडे जास्त, कारण वळणावर पाटे लवून ॲक्सल आडवा सरकतो. पुढे स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे लागेल.

या गाडीवर ७ इंची चाकाला ४ ते ४.२५ इंच बॅकस्पेस सहसा जमतो. मात्र १९६५-६६ च्या मस्टँगवाल्यांचे आकडे उचलू नका. १९६७ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर ५६ वरून ५८ इंच झाले.

कॅलिपर_आधी

माझे मत असे की डिस्क ब्रेकचा निर्णय आधी घ्यावा आणि चाके नंतर घ्यावीत. बाजारातील डिस्क ब्रेकचे बरेच संच हबचे तोंड काही मिलिमीटर बाहेर आणतात, त्यामुळे आज ड्रमवर घेतलेले पुढचे माप पुढील वर्षी लागू राहणार नाही. कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला आवळून धरणाऱ्या भागाचा, प्रश्नही केवळ व्यासाचा नसतो. १५ इंची चाकाच्या आत कॅलिपर मावतो, पण आऱ्यांची मागची बाजू त्याला टेकू शकते. ब्रेकचा संच देणारे पुष्कळदा खऱ्या मापाचा कागदी साचा देतात. तो पुठ्ठ्यावर चिकटवून कापा आणि चाकात फिरवून पाहा.

पोनी_६७

सर्वांचे मनापासून आभार. शेजारच्या स्टडचे अंतर ६७ मिलिमीटरच आले, त्यामुळे तो संच नाकारला. मागे ड्रमपासून आत १३८ आणि बाहेर १२४ मिलिमीटर मिळाले. ४.२५ इंच बॅकस्पेस धरल्यास टायरसह आत १२० आणि बाहेर १०७ लागतात, म्हणजे दोन्हीकडे १७-१८ मिलिमीटर उरतात. पुढचे माप डिस्क बसल्यावरच घेईन. जुने नट नव्या चाकांना चालतील का?

ड्रम_आणि_हब

स्टडचा धागा तोच आहे, अर्धा इंच, इंचाला २० पेचांचा. पण नटाची बैठक चाकाप्रमाणे निवडावी लागते. काही अलॉय चाकांना ६० अंशांचा निमुळता नट लागतो, तर काहींना सरळ दांड्याचा आणि वॉशरचा, आणि एकाच्या जागी दुसरा चालत नाही. नट किमान अर्धा इंच धाग्यावर चढला पाहिजे. चाक बनवणाऱ्याने वेगळे सांगितले नसेल तर टॉर्क पान्याने ७५ ते ८५ फूट-पौंडांवर, एकाआड एक क्रमाने आवळा आणि ५० ते १०० मैल चालवल्यावर पुन्हा तपासा.