एसएसडी बदलता न येणारा लॅपटॉप घ्यावा का?

रानपाखरू:
लॅपटॉप घेताना प्रोसेसर, रॅम सगळेच बघतात. एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारा भाग, काढता येते का, हे क्वचितच कोणी विचारतं. स्वस्त लॅपटॉपमधली ईएमएमसी (साधी स्टोरेज चिप) काय किंवा 2018 नंतर आलेली मॅकबुक्स काय, स्टोरेज थेट मदरबोर्डवर (मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेलं, म्हणजे डाग देऊन पक्कं जोडलेलं असतं. चहा सांडला, बोर्ड शॉर्ट झाला, की स्टोरेजची चिप ठणठणीत असूनही डेटा गेला! एम.2 एसएसडी (काढता येणारी छोटी पट्टी) असेल तर मागचं झाकण उघडा, एक स्क्रू काढा, यूएसबी केसमध्ये घाला, दुसऱ्या मशीनला लावा. त्यात या स्टोरेजमधली फ्लॅश मेमरी लिहून लिहून झिजते. झिजणारा भाग कायमचा जखडून विकणं मला अजिबात पटत नाही.

खटपट्या:
साफ असहमत. डेटा वाचवणं हे बॅकअपचं काम, स्क्रूचं नव्हे. एम.2 एसएसडीचा कंट्रोलर (तिचं काम चालवणारी चिप) गेला तर तीही एका क्षणात मरते, हार्ड डिस्कसारखी आधी खडखडत नाही. शिवाय हल्ली डिस्क एन्क्रिप्टेड असते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येत नाही. काढून दुसरीकडे लावलीत तरी दिसणार काय?

रानपाखरू:
दिसतं की. बिटलॉकरची (विंडोजच्या एन्क्रिप्शनची) 48 अंकी रिकव्हरी की जपून ठेवली असेल, तर डिस्क दुसऱ्या विंडोज मशीनवर उघडते. सोल्डरवाल्या मॅकमध्ये मात्र एन्क्रिप्शन त्याच बोर्डवरच्या चिपशी बांधलेलं असतं, त्यामुळे पासवर्ड पाठ असूनही उपयोग शून्य. बॅकअप हवाच, त्यावर वाद नाही. पण काल रात्री बॅकअप घेतला आणि आज संध्याकाळी बोर्ड गेला, तर आजचं काम कुठून आणायचं?

मितभाषी:
तुमच्या भांडणात एक राहतंय. 'बॅकअप आहे' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांकडे फक्त सिंक असतं, म्हणजे क्लाउडशी आपोआप होणारी जुळवणी. इथे फोल्डर उडवलं की क्लाउडवरूनही उडतं, मग कचरापेटीची मुदत संपेपर्यंतच काय तो वेळ. कायम जोडून ठेवलेली एक्स्टर्नल डिस्क रॅन्समवेअर (फाइली अडवून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) लॅपटॉपसोबतच लॉक करतं. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक घराबाहेर, एवढं तरी हवंच. आणि अधूनमधून एखादी फाइल बॅकअपमधून परत आणून उघडून बघा.

खटपट्या:
मितभाषींशी सहमत. दिवसभराचं काम जाऊ द्यायचं नसेल तर दर तासाला बॅकअप लावा, मॅकमधलं टाइम मशीन तेच करतं. माझी तक्रार वेगळी आहे: 256 जीबी घेतलं की ते भरल्यावर वाढवायची सोय नाही, म्हणून पहिल्याच दिवशी जास्तीचे पैसे मोजा. इथे मात्र ग्राहकाची अडवणूकच आहे.

रानपाखरू:
आणि वॉरंटीत बोर्ड फुकट बदलून मिळतो, पण डेटाची हमी कोणी देत नाही. जुना बोर्ड कंपनीकडे जातो आणि तुमच्या फाइलीही त्याच्याबरोबरच जातात.