हवानाचा सिगार कारखाना बघायचा आहे. तिथलं वाचन ऐकायला मिळतं का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या अखेरीस मुलाकडे टोरांटोला जाते आहे, तीन महिने मुक्काम. तिथून फेब्रुवारीत आठवडाभर क्युबाला जायचं घाटतंय. मुलगा-सून समुद्रासाठी येतायत, मी मात्र एकाच गोष्टीसाठी: हवानातला सिगार कारखाना.

आमच्या घरात कुणी सिगार ओढत नाही आणि विकतही घ्यायची नाही. माझी आई सिन्नरला पस्तीस वर्षं विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात जर्दा, ओल्या फडक्यात गुंडाळलेली टेंभुर्णीची पानं आणि पान कापायच्या मापाचा तो पत्र्याचा तुकडा. शाळेतून आले की मी ओट्यावर बसून आईला आणि शेजारच्या चार बायकांना 'गावकरी' वाचून दाखवायचे, पहिल्या पानापासून कांद्याच्या भावापर्यंत. त्या बदल्यात माझ्या वाट्याची दोरा बांधणी त्या करून टाकायच्या.

क्युबात सिगार वळणाऱ्यांना वाचून दाखवायला पगारी माणूस असतो हे मला मागच्या वर्षी कळलं. आईला फोनवर सांगितलं. ती ८१ वर्षांची आहे. तिने दोनच गोष्टी विचारल्या: त्यांना हजारी (हजार नगांची मजुरी) किती मिळते, आणि तपासणारा बाद किती काढतो?

कोणत्या कारखान्यात जावं? तिकीट आधी काढावं लागतं का? आईला दाखवायला व्हिडिओ काढू देतात का? गुडघे फार साथ देत नाहीत, तेही लक्षात घेऊन सांगा.

मिसिसागाकर

ताई, मी दोनदा गेलोय, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी वाईट बातमी. कारखान्यात फोटो आणि व्हिडिओ दोन्ही बंद. पिशव्या आणि फोन बाहेर ठेवायला लावतात. यात घासाघीस करू नका, गाइडची नोकरी अडचणीत येते.

तिकीट कारखान्याच्या दारात मिळत नाही. मोठ्या हॉटेलांमध्ये सरकारी पर्यटन कंपन्यांची टेबलं असतात, तिथे आदल्या दिवशी काढायचं. फेऱ्या सोमवार ते शुक्रवार, सकाळी आणि दुपारी लवकर. कोणता कारखाना सध्या पर्यटकांना घेतो हे तिथेच विचारा, कारण ते बदलत राहतं. पार्तागास, ला कोरोना आणि एच. उपमान ही नावं नेहमी ऐकू येतात. पार्तागासची जुनी इमारत कॅपिटोलियो या संसदभवनाच्या मागे इंदुस्त्रिया रस्त्यावर आहे, दर्शनी भागावर १८४५ साल कोरलेलं. पण दुरुस्तीसाठी वळणाऱ्यांना तिथून दुसऱ्या इमारतीत हलवलं. लोक अजून जुन्याच दारात जाऊन उभे राहतात. बाहेरून इमारत जरूर बघा, पण तिकिटावरचा पत्ता वाचून मगच टॅक्सी करा.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिथे सहसा सिगारचा मोठा महोत्सव भरतो. तो आठवडा टाळा. खोल्या महाग होतात आणि फेऱ्या त्याच पाहुण्यांना जातात.

आता वाचन. मोठ्या दालनाला गालेरा म्हणतात. शाळेतल्यासारखी बाकं एकामागे एक, आणि पुढे उंचवट्यावर वाचकाचं मेज आणि ध्वनिक्षेपक. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. कोणती कादंबरी घ्यायची ते कामगार मतदानाने ठरवतात. वाचन दिवसभर चालत नाही, मध्ये रेडिओ असतो. पहिल्या खेपेला मला फक्त रेडिओ ऐकू आला. दुसऱ्या खेपेला सकाळची पहिली फेरी घेतली तेव्हा बातम्या वाचणाऱ्या बाई होत्या, आम्ही सात-आठ मिनिटं ऐकलं. स्पॅनिश मला तोडकीमोडकी येते, तरी त्या आवाजाची लय अजून कानात आहे. म्हणून पहिली फेरीच घ्या.

जुन्या इमारतींत जिने असतात आणि लिफ्टचा भरवसा नाही. तिकीट काढतानाच गुडघ्यांचं सांगा.

पयस्विनी

गोदाकाठची, तुमचं वाचून अंगावर काटा आला. केरळातल्या कण्णूरच्या विडी कामगारांमध्येही हीच पद्धत होती. एकजण वर्तमानपत्र वाचणार आणि बाकीचे त्याच्या वाट्याच्या विड्या वळून देणार. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या केरळ दिनेश बीडी या सहकारी संस्थेच्या शेडांमध्येही हे वाचन चालत राहिलं. तुमच्या ओट्यावरचा सौदा अगदी तोच.

स्वाती_टॅम्पा

या वाचनाचा इतिहास थोडा सांगते, जाण्याआधी माहीत असला तर जास्त भिडेल. हवानात ते १८६५ मध्ये एल फिगारो नावाच्या कारखान्यात सुरू झालं आणि लगेच पार्तागासमध्ये पोचलं. वाचकाचे पैसे कामगार स्वतःच्या खिशातून द्यायचे. त्यामुळे काय वाचायचं हे मालक ठरवू शकत नव्हता. स्पॅनिश सरकारला हे इतकं खुपलं की १८६६ मध्येच बंदी घातली. अक्षरओळख नसलेली माणसं रोज बातम्या आणि कादंबऱ्या ऐकत होती आणि त्यावर वाद घालत होती. मालकांना आणि सरकारला भीती वाटली ती त्याचीच. बंदी पुढे टिकली नाही.

आमच्या टॅम्पातल्या यबोर सिटीत क्युबातून आलेल्या कामगारांनी हेच वाचन आणलं. क्युबाचे स्वातंत्र्यसेनानी होसे मार्ती १८९१ मध्ये स्वातंत्र्यलढ्यासाठी मदत मागायला इथल्या सिगार कामगारांकडेच आले होते. इथलं वाचन १९३१ मध्ये मालकांनी मोडलं आणि रेडिओ लावले. आता इथे फक्त संग्रहालय आहे. क्युबात मात्र ते जिवंत आहे, २०१२ मध्ये त्याला तिथे राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. माँटेक्रिस्टो हे सिगारचं नाव १९३५ मधलं, आणि ते 'काउंट ऑफ माँटे क्रिस्टो' या कादंबरीवरून आलंय. वाचलेलं कामगारांच्या मनात किती मुरलं होतं ते यावरून कळतं.

कामगारांना वाचन आवडलं की ते हातातलं अर्धगोल पातं, त्याला चावेता म्हणतात, ते फळीवर ठोकतात. टाळ्यांऐवजी. तो आवाज ऐकायला मिळाला तर नशीब समजा.

जर्सीचा_पाऊस

मी न्यू जर्सीत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, पासपोर्ट भारतीय. मी मेक्सिकोमार्गे क्युबाला जाऊ शकतो ना? बरेच जण जातात म्हणे.

स्वाती_टॅम्पा

पासपोर्ट कोणताही असो, अमेरिकेत राहणाऱ्यांना अमेरिकेचे नियम लागू होतात. परवानगीच्या बारा वर्गांत निव्वळ पर्यटन बसत नाही. वळसा घालून जाणं हा मार्ग मी कुणालाच सुचवणार नाही, व्हिसावर असलेल्या माणसाला तर नाहीच. सप्टेंबर २०२० पासून क्युबन सिगार सामानातून आणायलाही बंदी आहे. तुम्ही डॉमिनिकनला जा.

ब्रिटिश पासपोर्टवाल्या मराठी मंडळींसाठीही एक: १२ जानेवारी २०२१ नंतर क्युबाला जाऊन आलात तर अमेरिकेसाठी ईस्टा (व्हिसाशिवाय जाण्याची ऑनलाइन परवानगी) चालत नाही, रीतसर व्हिसा काढावा लागतो. हे फार जणांना विमानतळावर कळतं.

दर्यावर्दी

जहाजावर वीस वर्षं काढली, कॅरिबियनची बंदरं पाठ आहेत. माझं मत जरा वेगळं आहे. ताई, नुसतं काम बघायचं असेल तर डॉमिनिकन रिपब्लिक क्युबापेक्षा सोपं पडेल. हाताने वळलेल्या सिगारींच्या निर्यातीत हा देश जगात आघाडीवर. सिबाओ खोऱ्यातलं सान्तियागो हे त्याचं केंद्र. तिथला ला आउरोरा कारखाना १९०३ चा. जवळच्या ताम्बोरिल गावात घराघरात हे काम चालतं. फोटो काढायला सहसा कुणी अडवत नाही आणि गाइड इंग्रजीत नीट समजावतात. कॅनडाचा वैध व्हिसा पासपोर्टवर असेल तर तिथे वेगळा व्हिसा लागत नाही. ला रोमानातली ताबाकालेरा दे गार्सिया तर प्रचंड मोठी, पुंता कानाहून दिवसाभरात होऊन येते.

क्रूझवर बहामाला जाणाऱ्यांनी नासाऊतला ग्रेक्लिफ हा सिगार कारखाना बघावा. जागा छोटी, पण वळणाऱ्यांच्या अगदी शेजारी उभं राहता येतं, आणि पैसे भरले तर स्वतःही वळून बघता येतं.

क्युबात सध्या इंधनाची आणि विजेची टंचाई आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर अख्ख्या देशाची वीज गेली होती. वीज नसली की कारखान्याची फेरी रद्द होते, विमानंही रद्द होतात. पैसे परत मिळणारं तिकीट घ्या. भारतीय पासपोर्टला आधी ई-व्हिसा लागतो. अमेरिकन बँकांची कार्डं तिथे चालत नाहीत, बाकीच्यांचाही भरवसा धरू नका, युरो रोख न्या.

नांगरट

शेती हा माझा विषय, म्हणून सांगतो: फेब्रुवारीत जाताय तर हवानात थांबू नका, पिनार देल रिओला जा. तंबाखूच्या पानांची तोडणी जानेवारी ते मार्च. हवानाहून तिथलं विन्यालेस खोरं साधारण १८० किलोमीटर, रस्ता बरा असला तर तीन तास. लाल माती, मधून उभे सुटे डोंगर, आणि ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली वाळवणाची घरं. या खोऱ्याला १९९९ मध्ये युनेस्कोचा दर्जा मिळाला. २०२२ च्या इयान वादळात अशी हजारो घरं आडवी झाली होती, लोकांनी पुन्हा उभी केली.

शेतकरी पिकाचा नव्वद टक्के वाटा सरकारला देतो, दहा टक्के स्वतःकडे ठेवतो. त्या दहा टक्क्यांतून तो तुमच्यासमोर ओसरीत बसून सिगार वळून दाखवतो. इथे व्हिडिओ काढायला हरकत नसते, आधी विचारा म्हणजे झालं. आईंना दाखवायला हेच घ्या.

रोपाच्या खालच्या पानाला व्होलादो, मधल्याला सेको आणि वरच्याला लिहेरो म्हणतात. वरचं पान ऊन खातं म्हणून तेज आणि सावकाश जळणारं. बाहेरच्या वेष्टणाचं पान मात्र वेगळ्या शेतात, पांढऱ्या कापडाच्या मांडवाखाली वाढवतात, म्हणजे ते पातळ आणि तुकतुकीत राहतं. टेंभुर्णीचं कोवळं पान निवडणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल.

मिसिसागाकर

नांगरट यांच्याशी सहमत, दोन्ही करा. पण कारखाना सोडू नका. शेतावरचा माणूस पाहुण्यांसाठी एक सिगार वळतो. कारखान्यातली बाई दिवसाला शंभराच्या आसपास वळते, आणि शंभरावी पहिलीसारखीच असावी लागते. ते बघण्यासारखं आहे.

आईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं मला जमेल तितकं उत्तर देतो. वळणारी आधी आतली पानं हातात घेते, लिहेरो मधोमध, बाकीची भोवती, आणि त्यावर कापोते नावाचं जाड पान गुंडाळते. ही मोळी लाकडी साच्यात घालून दाबतात. मग ती यंत्राला लावून हवा नीट ओढली जाते का ते बघतात. फार घट्ट निघाली तर तिथेच परत. त्यानंतर चावेताने कापलेलं वरचं पान, कापा, तिरकं ताणून चढवतात. टोकाला त्याच पानाची टोपी, थोडा वनस्पतीचा डिंक, दोरा कुठेच नाही. तयार माल पन्नासाच्या जुडीने तपासणीला जातो: वजन, लांबी, जाडी, बोटांनी दाबून. जुडीवर वळणाऱ्याची ओळख असते, त्यामुळे चूक कुणाची ते कळतं. पेटीत भरताना सुद्धा रंग लावून ठेवतात, डावीकडे गडद, उजवीकडे फिकट.

मजुरी नगावरच, रोजचा ठरलेला आकडा पुरा करावा लागतो. बाद किती निघतात हे मी विचारलंच नव्हतं. आता वाटतं विचारायला हवं होतं.

कऱ्हाकाठ

रस्त्यात "आज कामगारांची सहकारी विक्री आहे, माझा भाऊ कारखान्यात आहे" असं म्हणत कुणी आलं तर नम्रपणे पुढे चला. असल्या पेट्यांत बहुतेक वेळा केळीचं पान नाही तर झाडलोट भरलेली असते. आम्ही एक पेटी घेतली आणि विमानतळावर ती काढून घेतली. सुटे २० सिगार बिनबोभाट नेता येतात, शिक्क्याच्या बंद पेटीत ५० पर्यंत, त्यापुढे दुकानाचं बिल लागतं. भारतात परतताना २५ पर्यंत शुल्क नाही. ताईंना नको असले तरी धागा वाचणाऱ्या इतरांसाठी लिहिलं.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा आईला फोनवर वाचून दाखवला. दोरा नाही म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मग सुटत कशी नाही?" डिंकाचं पुन्हा समजावलं. जुडीवर ओळख असते हे तिला पटलं. आमच्याकडे मुकादम मूठभर विड्या बाद करायचा आणि कुणाच्या, का, ते सांगायचा नाही, तिच्या मनात ते अजून आहे.

ठरलं असं: फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हवाना, पैसे परत मिळणारं तिकीट. सोमवारी तिकिटाची चौकशी, मंगळवारी सकाळची पहिली फेरी, बुधवारी विन्यालेस. वीज किंवा विमानाचा घोळ झाला तर दर्यावर्दी यांचं सान्तियागो.

आईचा पान कापायचा पत्रा मी बरोबर नेणार आहे, शेतावरच्या त्या ओसरीत दाखवायला. आणि शेवटची विनंती, कारखान्यात विचारता येईल असं आईचं वाक्य कुणी स्पॅनिशमध्ये लिहून द्याल का?

मिसिसागाकर

पत्रा धारदार असेल तर हातातल्या सामानात नको, चेक-इन बॅगेत कापडात गुंडाळून ठेवा.

कामगारांशी थेट बोलू देतात की नाही हे गाइडवर असतं. म्हणून आधी गाइडला सांगा: "मि मामा एरा ताबाकेरा." मामा म्हणजे तिकडे आई. माझी आई तंबाखू कामगार होती, असा अर्थ. मग प्रश्न: "कुआंतोस रेचासान आल दिया?" दिवसाला किती बाद काढतात? 'रेचासान'मधला र ठसक्यात म्हणा. उत्तर आकड्यात येईल, तेव्हा पेन आणि कागद जवळ ठेवा, फोन बाहेरच राहिलेला असेल.