३०० विजय आणि अर्ली विन

बेसबॉलमध्ये कारकिर्दीत ३०० विजयांचा टप्पा आता कोणी पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) गाठणार नाही, असं म्हणतात, ते मला पटतं. पण त्यामुळे तो आकडाच निरर्थक ठरतो, हे नाही पटत.

जुना पिचर अर्ली विन आठवा. १९६३ साली, वयाच्या ४३व्या वर्षी, गाउटच्या सांधेदुखीने बेजार झालेला हा माणूस २९९ विजयांवर अडकला होता. शिकागोच्या संघाने सोडल्यावर क्लीव्हलंडच्या संघाने त्याला परत घेतलं. १३ जुलैला कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने सामन्याच्या नऊपैकी जेमतेम पाच इनिंग (डाव) टाकल्या. सुरुवातीच्या पिचरच्या नावावर विजय लागायला तेवढ्या लागतातच. ५-४ अशी निसटती आघाडी ठेवून तो बाहेर आला. पुढच्या चारही इनिंग त्याच्या जागी आलेल्या जेरी वॉकरने एकही धाव न देता काढल्या. विनची कारकीर्द बरोबर ३०० वर थांबली. मला तर त्यात वॉकरचाही वाटा दिसतो.

२००९ मध्ये रँडी जॉन्सन तिथे पोचला, त्यानंतर कोणीच नाही. आता पाच पिचर आळीपाळीने सामने सुरू करतात, चेंडू मोजून टाकायचे, सहाव्या इनिंगलाच रिलीव्हर (बदली पिचर). जेकब डिग्रॉमने २०१८ मध्ये फक्त १० विजयांवर मोसमातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला, आणि तो योग्यच होता. एका मोसमाची गुणवत्ता विजयांवरून कळत नाही, पण वीस वर्षांची चिकाटी नक्की कळते.