वारशाला क्युरेटर हवा की मानकरी?

खंदककाठ

गेल्या डिसेंबरात पुण्याहून बहीण-मेव्हणे सोलापूरला आले होते, बरोबर नऊ आणि बारा वर्षांची दोन पोरं. सकाळी भुईकोट किल्ला दाखवला. बहमनी काळातला आहे, तट दुहेरी आहे, १८१८ मध्ये पेशवाई बुडताना इंग्रजांनी घेतला, असं जमेल तेवढं सांगितलं. धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, आता इथं करायचं काय?" मला उत्तर सुचेना.

संध्याकाळी परत येताना बोळात नंदीध्वजाचा, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत मिरवतात त्या उंच काठीचा, सराव चालला होता. पोरं तिथून तासभर हलली नाहीत. एक म्हातारे गृहस्थ थोरल्याला सांगत होते, भार हातावर घ्यायचा नाही, कमरेवर घ्यायचा, नजर काठीच्या टोकावर. रात्री घरात दोघंही केरसुणी उभी धरून चालत होते.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते या चर्चामंचावर मांडतो. यात्रेत सात नंदीध्वज आहेत, गावाभोवतीच्या अडुसष्ट लिंगांची वाट आहे, यण्णीमज्जन म्हणजे लिंगांना तेलाचा अभिषेक आहे, सम्मती कट्ट्यावर लग्नासारख्या अक्षता आहेत. एवढ्या मोठ्या सोहळ्यात कोणी काय करायचं हे कुठल्या फलकावर लिहिलेलं नाही. प्रत्येक गोष्टीचा मानकरी आहे. तो चुकला तर गाव विचारतं, आणि त्याच्यामागे शिकणारा पोरगा उभा असतो. उलट आपण ज्याला संग्रहालय म्हणतो तिथं क्युरेटर, म्हणजे संग्रह सांभाळणारा अधिकारी, वस्तू काचेत, फलक भिंतीवर, किल्ली शिपायाकडे.

माझं म्हणणं एवढंच की सोलापुरात यापुढे वारशासाठी काही करायचं तर आधी इमारत बांधू नका, आधी माणसं ठरवा. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागाचा मान एखाद्या निवृत्त जॉबरला, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाला, द्या. त्यानं आठवड्यातून दोन दिवस माग चालवून दाखवायचा, पंच केलेल्या पुठ्ठ्यावरून चादरीवर मोर कसा उतरतो ते सांगायचं, आणि हाताखाली एक पोरगा तयार करायचा. १९३० च्या मार्शल लॉचा मान एखाद्या शाळेच्या नववीच्या वर्गाला द्या. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा ही नावं आपण चौकाच्या नावापुरती ओळखतो. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. त्याच्या आधी या गावात काय काय घडलं, ते त्या मुलांनी जागेवर उभं राहून सांगावं. दरवर्षी नवा वर्ग.

विरोध असेल तर सविस्तर लिहा. "छान विचार" लिहू नका.

नोंदवही

मग सविस्तरच घ्या. मी बाहेरगावी एका लहान संग्रहालयात नोकरी करते, माहेर सोलापूर.

माणसं आधी, हे ऐकायला गोड आहे. पण संग्रहालय जिथं मार खातं ती जागा तुम्ही ओलांडूनच गेलात. वस्तू आली की तिला क्रमांक, कोणी दिली, कुठं वापरात होती, लांबी-रुंदी, कुठं चीर आहे, कुठं किडलंय, चार बाजूंनी फोटो. हे नसेल तर तुमचा मानकरी पाच वर्षं रंगवून सांगेल, आणि तो गेला की मागे एक मुकं लाकूड उरेल. सांगणाऱ्याच्या आठवणीवर चालणारी कितीतरी दालनं आज नुसती सामानाच्या खोल्या झालीत.

दुसरं, हात. लोखंडाला घामाचा हात लागला की गंज तिथूनच सुरू होतो. लाकूड तेल पितं. तुमचा मोर विणणारा माग पोरांच्या हाताखाली किती दिवस टिकेल?

खंदककाठ

ताई, नोंदीचा मुद्दा कबूल, तो माझ्याकडून राहिलाच. हाताचा मुद्दा मात्र सोलापूरला लागू नाही. चोळकालीन मूर्ती एकच असते, मागात आडवा धागा नेणारा धोटा एकच नसतो. गावाच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, आजही यंत्रमाग खडखडतायत. रोज मोडणाऱ्या, रोज दुरुस्त होणाऱ्या वस्तूला काचेत ठेवायचं म्हणजे जिवंत माणसाच्या फोटोला हार घालण्यासारखं.

नोंदवही

तर मग दोन संच करा. एक हाताळायचा, एक जपायचा. जगभर असंच करतात, त्यात नवीन काही नाही. दोन्हींची नोंद मात्र वेगळी हवी, नाहीतर वर्षभरात कुठला कुठला ते कळणार नाही.

बाराबंदी

आमच्या घरातून तीन पिढ्या काठीला खांदा आहे, म्हणून बोलतो. तुलनाच चुकली.

काठी चालते ती सिद्धरामेश्वरांवरच्या श्रद्धेनं. ऊन, गर्दी, अवजड काठी, त्यात पाय घसरला तर गावभर बोलणं. हे सगळं माणूस सोसतो कारण त्याला ते देवाचं काम वाटतं. उद्या तुमचा जेकार्ड शनिवारी बंद राहिला तर कुणाला पाप लागणार आहे? जॉबर काकांच्या गुडघ्याला कळ आली की ते घरी थांबतील, आणि थांबावंच. यात्रा वर्षातनं काही दिवस असते, संग्रहालय बारा महिने उघडावं लागतं. मानावर चार दिवस निघतात, बारा महिने पगारावरच निघतात. पगार कोण देणार ते लिहा आधी.

आणि एक. काठीचं असं 'मॉडेल' करू नका की. बरं वाटत नाही.

रोकडा सवाल

पगाराचं उत्तर देतो. कंपनी देणार.

२०१७ पासून केंद्राची वारसा दत्तक योजना आहे. २०१८ मध्ये दालमिया भारतनं लाल किल्ला घेतला, पाच वर्षांसाठी पंचवीस कोटी. तेव्हा बराच आरडाओरडा झाला, पण स्वच्छतागृह, पाणी, बसायला बाक या गोष्टी कुणीतरी द्यायलाच हव्यात ना? चादर आणि टॉवेल विकून मोठी झालेली घराणी आपल्या गावात आहेत. किल्ल्यात संध्याकाळी दिवे लावा, खाण्याचे स्टॉल लावा, शेंगा चटणी-कडक भाकरी ठेवा, बुरुजाला लागून एक छोटं चादर-दालन बांधा. पुणे-हैदराबाद हायवेवरून जाणारी माणसं आत वळतील. लोक आले की पगार निघतो. बाकी सगळं भाषण.

नोंदवही

बुरुजाला लागून काहीही बांधता येणार नाही. किल्ला केंद्र-संरक्षित आहे. २०१० च्या दुरुस्तीनंतर अशा स्मारकाभोवती शंभर मीटर नवं बांधकाम बंद आणि त्यापुढे दोनशे मीटर परवानगीनं. स्टॉल, दिवे, रात्रीचा कार्यक्रम, प्रत्येकाला वेगळा कागद लागतो. दत्तक घेणाऱ्या कंपनीलाही पुरातत्त्व खात्याला विचारूनच पाऊल टाकावं लागतं.

पैशाबद्दल सांगायचं तर मला भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय जास्त जवळचं वाटतं. १८७२ पासूनची इमारत, पार मोडकळीला आलेली. २००३ मध्ये महापालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन अशा तिघांचा करार झाला, आणि २००८ मध्ये ते परत उघडलं. एक मालक, एक जाणकार, एक पैसेवाला. तिघंही एकाच टेबलावर.

रोकडा सवाल

म्हणजे शेवटी पैसेवाला लागतोच. धन्यवाद.

पूर्वभागातली

मान हा शब्द ऐकला की मी आधी विचारते, कुणाला नव्हता?

धोटा धोटा चाललंय म्हणून सांगते. जुन्या गिरण्यांत धोट्यातली धाग्याची कांडी बदलली की धागा छोट्या भोकातून बाहेर काढायला विणकर तोंड लावून ओढायचा. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना विणकाम खात्यात घेतच नसत, आणि पगार तर त्याच खात्यात बरा. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हाच मुद्दा उचलला होता. तुमचा मानकरी माग चालवून मोर दाखवेल. हे सांगेल का? काचेतला फलक निदान भिडस्त नसतो. त्यावर लिहिलेलं राहतं, आजोबांना ऐकवायला अवघड असलं तरी.

दुसरं, सोलापूरचा वारसा म्हटला की चादर, टॉवेल, गिरणीचा भोंगा. माझ्या आईनं उभं आयुष्य विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याचा फर्मा, त्यावर बेतून कात्रीनं कापलेला तेंदूचा पत्ता, बोटाला दोरा. मजुरी हजार विड्यांवर. या गावातल्या हजारो घरांची चूल त्या सुपावर पेटलीय. त्याला इमारत नाही, चिमणी नाही, म्हणून तो वारसा नाही का? मान वाटायला बसाल तेव्हा यादीत सूप असेल का, ते मला बघायचंय.

आणि फलक मराठी-इंग्रजीत. माझ्या आजीला फक्त तेलुगू वाचता यायचं. शेजारच्या अक्कांना कन्नड. तिसऱ्या घरात उर्दू. हे गाव एका भाषेत कधी बोललंय?

खंदककाठ

यादीत सूप नव्हतं. खरं सांगतो, डोक्यातच आलं नाही. आणि मी विडी घरकुलापासून, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीपासून, दहा मिनिटांवर नोकरी करतो.

तोंडानं धागा ओढण्याबद्दल मात्र उलटं म्हणेन. हे फलकावर लिहिलं तर दोन ओळींत संपतं. माणसासमोर धोटा हातात धरून सांगितलं तर पोरगं तो नकळत तोंडाशी नेतं आणि मग थबकतं. ते थबकणं फलक कुठून आणणार?

पूर्वभागातली

सांगणारा सांगेल तर. माझा प्रश्न तिथंच आहे.

खडूवाले सर

तीस वर्षं शिकवलं. दोन गोष्टी.

केंद्र-संरक्षित स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तरी सहल कुठं जाते? वॉटर पार्कला. तेव्हा तिकीट, दिवे, स्टॉल ही कारणं मला पटत नाहीत. मुलांना तिथं काही काम नसतं, हे कारण आहे. धाकट्या भाच्यानं अचूक विचारलं.

दुसरी गोष्ट कबुली आहे. पूर्वी एकदा मुलांना घेऊन एका जुन्या शिलालेखापाशी गेलो होतो. अक्षरं दिसेनात म्हणून माझ्या खिशातला खडू काढून पोरांकरवी ती भरून घेतली. सगळे खूष, फोटो झकास. पुढे एका अभ्यासकांनी मला बाजूला घेऊन समजावलं की खडूनं आपण आपल्याला वाटलेलं अक्षर भरतो, खरं अक्षर त्याखाली झाकतं, आणि घासण्यानं दगड झिजतो तो वेगळाच. मग त्यांनी विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून तिरका उजेड टाकला. अक्षरं उठून आली. जादूच बघा.

आता हत्तरसंग कुडलला नेतो ते विजेऱ्या घेऊन, सूर्य कलल्यावर. भीमा-सीनेचा संगम, आपल्या गावापासून चाळीसेक किलोमीटर. शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा लेख, मराठीतल्या अगदी जुन्या लेखांपैकी. सोलापूरच्याच आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. त्यात म्हटलंय, जो हे वाचील तो विजयी होईल. मुलांना एवढंच सांगतो आणि विजेरी हातात देतो. हजार वर्षांपूर्वीच्या माणसानं फलक कसा लिहावा ते लिहून ठेवलंय, आपण अजून 'हात लावू नये'वरच आहोत.

नोंदवही

सर, हात लावू नयेच! विजेरी मात्र उत्तम.

खडूवाले सर

हो हो, हात लावत नाहीत आता. मी पहिल्या रांगेत उभा असतो.

आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांच्या दारात जाते. तसं काही इथं झालं तर बस आधी विडी घरकुलात लावा, सात रस्त्याच्या चौकात नको.

बाराबंदी

सरांचं पटलं. पण बघा, सर निवृत्त, पेन्शन चालू, हौस आहे. सर थकल्यावर त्या विजेऱ्या कोणाकडे? नुसत्या हौसेवर टांगलेलं काम मला भरवशाचं वाटत नाही.

पूर्वभागातली

म्हणून मान नको, पाळी म्हणा. शब्द गिरणीचाच आहे. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. दोन वर्षांची पाळी, ठरलेलं मानधन, संपली की पुढचा. घराण्यात राहायची नाही. एक पाळी बाईची, एक तेलुगू बोलणाऱ्याची. हजेरी नोंदवहीताईंच्या वहीत.

बाराबंदी

पाळी म्हटलं की माणूस घड्याळ बघतो, अक्का. मान म्हटला की गाव त्याच्याकडे बघतं. फरक आहे.

पूर्वभागातली

आईकडे कोणीच बघत नव्हतं, दादा. घड्याळ तरी मिळू दे.

रोकडा सवाल

मानधन कोण देणार हा प्रश्न अजून तिथंच आहे, नुसती आठवण करून देतो.

खंदककाठ

आहे तिथंच. माझ्याकडे उत्तर नाही. तिघांच्या टेबलाची गोष्ट मला आवडली, पण त्या टेबलावर चौथी खुर्ची काम करणाऱ्यांची हवी.

रातपाळी

वाचत होतो, पहिल्यांदाच लिहितोय. वडील गिरणीत विणकर होते. माळ्यावर त्यांचा एक धोटा आहे. हे सगळं वाचून खाली काढला. पुसून तेल लावू का? आणि द्यायचा झाला तर कुणाला?

नोंदवही

तेल नको! ओलं फडकंही नको. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटका, सुती कापडात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका. द्यायचं नंतर बघू. आधी वहीत लिहा: वडिलांचं नाव, गिरणी, खातं, साधारण कुठली वर्षं, घरी कसा आला. नाव इथं टाकू नका, वहीतच.

रातपाळी

लिहिलं. लांबी एक वीत आणि चार बोटं जास्त, नीट मापून टाकतो. एका टोकाचं लोखंड गेलंय. आतल्या अंगाला खिळ्यानं कोरल्यासारखा आकडा आहे, ४१. हा मागाचा नंबर की माणसाचा? आई म्हणते तिला माहीत नाही.

खंदककाठ

आमच्या बोळात एक काका आहेत, तीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. उद्या संध्याकाळी घेऊन या, त्यांना दाखवू.

नोंदवही

ते जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. तारीख घाला. नक्की माहीत नाही म्हणाले तर तेही लिहा.

पूर्वभागातली

कितीला येताय? मीही येते. तोंडाचं विचारायचंय.